अर्काने लायपेज खरंच अडवलं का? लठ्ठपणासाठी वनस्पती अर्क तपासण्याची पायरीवार पद्धत

जानेवारी उजाडला की नाशिकच्या फार्मसी आणि जैवतंत्रज्ञान कॉलेजांतली प्रोजेक्टवाली मुलं वही घेऊन दारात उभी राहतात. "सर, आमच्या अर्काने लायपेज ९२ टक्के रोखलं." (लायपेज म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम.) मी एकच विचारतो: "एन्झाइम न घालता नुसता अर्क टाकून वाचलंत का?" दहातल्या आठांचं उत्तर "नाही" असतं. मग ते ९२ टक्के कशाचे, हे त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. भर लायपेज चाचणीवर आहे, कारण ती स्वस्त आहे, सगळे तीच करतात आणि सगळ्यात जास्त चुकाही तिच्यातच होतात. पेशी आणि प्राणी या पुढच्या पायऱ्यांबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

सुरुवातीलाच इशारा: ही प्रयोगशाळेतली पद्धत आहे. प्लेटमध्ये चाललेला अर्क स्वतः पिऊन बघू नका आणि होस्टेलच्या मित्रांनाही पाजू नका.

## १. प्रश्न आधी, झाड नंतर

जेवणातलं तेल-तूप आतड्यातून तसंच्या तसं शोषलं जात नाही. स्वादुपिंडातून येणारं लायपेज ते आधी तोडतं, मग ते आत जातं. ऑर्लिस्टॅट हे औषध या लायपेजला धरून बसतं. १२० मिलिग्रॅमच्या मात्रेला जेवणातली साधारण ३० टक्के चरबी न शोषता बाहेर पडते. म्हणून नव्या अर्काची तुलना ऑर्लिस्टॅटशी करतात.

तेव्हा तुमचा प्रश्न एवढाच आहे: "हा अर्क नळीत लायपेजचं काम मंदावतो का?" वजन कमी होतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ९६ वेलच्या प्लेटमध्ये मिळत नाही. (वेल म्हणजे इथे प्लेटचा खळगा, द्राक्षाची वेल नव्हे. नाशिकमध्ये हे सांगावं लागतं.)

वेळापत्रक उलटं मांडा. चाचणीला एक आठवडा पुरतो. झाड ओळखून घेणं, वाळवणं, अर्क काढणं आणि एन्झाइम येण्याची वाट पाहणं यात दोन-अडीच महिने जातात. कॉलेजकडे इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. ते फेब्रुवारीत कळलं तर वर्ष गेलं समजा.

## २. झाड: ओळख, ऋतू आणि फवारणी

पंचवटीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या पुडीवर काम सुरू करू नका. दुकानदार लबाड असतो असं नाही, पण भरड झालेल्या सालीवरून वनस्पतिशास्त्रज्ञही ओळख पटवून देऊ शकत नाही. पान, फूल किंवा फळ असलेली फांदी स्वतः गोळा करा, रद्दीच्या कागदात दाबून वाळवा आणि हर्बेरियम शीट (वाळवलेला नमुना चिकटवलेला, नोंदींसह कागद) करून कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातून किंवा पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळख पटवून घ्या. मिळालेला नमुना क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

गोळा केल्याची तारीख, गाव आणि झाडाचा कोणता भाग, हेही तिथेच लिहा. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यातून ओला माल आणून पिशवीत ठेवला, तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि मग तुम्ही बुरशीचा अर्क तपासत बसता. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा वाळवणीला उत्तम, पण सावलीतच. गच्चीवरच्या उन्हात नको.

राखीव वनातून काही तोडण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. अंजनेरीवर दुर्मिळ वनस्पती आहेत. तिथे प्रोजेक्टसाठी हात लावायचा नाही.

नाशिकच्या मुलांना द्राक्षाचा मोह होतोच. वाइनरीतून हंगामात चोथा फुकट मिळतो, आणि त्यात पॉलिफेनॉल (वनस्पतींतली संयुगं, टॅनिन त्यांपैकीच) भरपूर. कल्पना चांगली आहे, पण दोन गोष्टी पाळा. लाल वाइनचा चोथा सालीसकट आंबवलेला असतो, तर पांढऱ्या वाइनचा आंबवण्याआधीच पिळून काढलेला. हे दोन वेगळे नमुने आहेत, एका डब्यात मिसळू नका. दुसरी गोष्ट फवारणीची. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं सेरीनवर चालणाऱ्या एन्झाइमांना धरून बसतात आणि लायपेज त्याच कुळातलं आहे. म्हणजे तुमचा "द्राक्षाच्या पानांचा परिणाम" प्रत्यक्षात औषध मारल्याचा परिणाम असू शकतो. शिवाय बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलं तांबं आहेच. बागायतदाराकडून फवारणीची नोंदवही मागून घ्या. ती बहुतेकांकडे असते. शंका असेल तर अवशेष तपासणी करून घ्या. पाण्याने धुतल्याने पानात मुरलेलं औषध जात नाही.

तपासा: ओळखपत्र, तारीख, गाव, भाग, फवारणी. या पाचांपैकी एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

## ३. अर्क

१. वाळलेला भाग दळा आणि ४० नंबरच्या चाळणीतून काढा. मिक्सर गरम झाला की थांबा.

२. बिया असतील तर आधी तेल काढा. मेथी, जांभळाची बी, द्राक्षाची बी, या सगळ्यांत तेल असतं. हे तेल म्हणजे लायपेजचं आवडतं खाद्य. ते अर्कात राहिलं तर एन्झाइम त्याच्या मागे लागतं, तुमच्या रंगाच्या सब्सट्रेटकडे (एन्झाइमने तोडावा म्हणून आपण घातलेला पदार्थ) दुर्लक्ष करतं आणि रीडरला, म्हणजे प्लेटचा रंग मोजणाऱ्या यंत्राला, वाटतं की एन्झाइम अडलं. पेट्रोलियम इथरने दोन-तीनदा धुवा. फ्यूम हूडमध्येच, आणि आसपास बर्नर नको. भुकटीवर इथरचा वास राहणार नाही इतकी वाळवा.

३. १ भाग भुकटीला १० भाग ७० टक्के इथेनॉल घाला. झाकण लावून शेकरवर २४ तास ठेवा. गाळा, उरलेल्या चोथ्यावर पुन्हा इथेनॉल घालून एकदा तेच करा. सॉक्सलेटची (उकळत्या विद्रावकाने अर्क काढणारं उपकरण) घाई नको. तासन्‌तास उकळलेल्या अर्कात काय टिकलं आणि काय नवं तयार झालं, हे तुम्ही सांगू शकणार नाही.

४. रोटरी बाष्पकात ४५ अंशांखाली आटवा. अल्कोहोल गेलं की उरलेलं पाणी फ्रीझ ड्रायरमध्ये काढा. फ्रीझ ड्रायर नसेल तर पसरट ताटलीत, निर्वात डेसिकेटरमध्ये.

५. वजन करा आणि उतारा टक्क्यांत लिहा: मिळालेला अर्क भागिले घेतलेली भुकटी, गुणिले १००. हा आकडा नसेल तर तुमचा अर्क दुसऱ्या कोणाला पुन्हा करता येत नाही.

६. गडद बाटलीत, उणे २० अंशांवर. लेबल पेन्सिलने लिहा. इथेनॉलचा एक थेंब पडला की मार्करची शाई वाहून जाते.

अर्क चिकट गुळासारखा राहिला तर त्यात पाणी आहे. ते वजनात मोजलं जातं आणि पुढच्या सगळ्या मात्रा चुकतात. लागोपाठ दोन दिवस वजन सारखं आलं की मगच तो कोरडा झाला असं धरा.

## ४. एन्झाइम आणि द्रावणं

डुकराच्या स्वादुपिंडातलं कच्चं लायपेज बहुतेक ठिकाणी वापरतात. ते "कच्चं" आहे हे लक्षात ठेवा. त्यात अमायलेज आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइमंही असतात, आणि ती हळूहळू लायपेजलाच खातात. सकाळी केलेलं द्रावण दुपारी चार वाजता तसंच राहत नाही.

आमच्याकडे एकदा मे महिन्यात कुरिअरने एन्झाइम आलं, तर डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या चहासारख्या कोमट. पुरवठादार म्हणाला, "काही होत नाही सर." आम्ही वापरलं. तीन आठवडे मुलं अर्क बदलत राहिली, दोष एन्झाइमचा होता. तेव्हापासून पार्सल आलं की आधी उघडून बघायचं, तापमान लिहायचं आणि त्याच दिवशी छोटी चाचणी घ्यायची.

बफर: १०० मिलिमोलार ट्रिस, पीएच ८.०. ट्रिसचा पीएच तापमानाने घसरतो, दर अंशाला साधारण ०.०३. २५ अंशांना ८.० लावला तर ३७ अंशांना तो ७.७ च्या आसपास येतो. म्हणून बफर ३७ अंशांना आणूनच पीएच लावा.

एन्झाइम: थंड बफरमध्ये १ मिलीला १० मिग्रॅ. बर्फावर १५ मिनिटं हळू ढवळा. व्होर्टेक्सवर फेस आणू नका. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं निवळ घ्या. तळाशी बसलेला पांढरा गाळ टाकून द्या. दररोज ताजं करा, बर्फावर ठेवा, दोन तासांत संपवा.

सब्सट्रेट: पी-नायट्रोफेनिल ब्युटिरेट, पुढे नुसतं पीएनपीबी म्हणू. ॲसिटोनायट्राइलमध्ये १० मिलिमोलार. लायपेजने तो तोडला की पिवळं पी-नायट्रोफेनॉल सुटतं, ते ४०५ नॅनोमीटरला वाचायचं. पाण्याचा अंश लागला की पीएनपीबी आपोआपही तुटतो, म्हणून बाटली उघडी ठेवू नका. द्रावण आधीच पिवळसर दिसत असेल तर ते गेलं.

अर्क: डीएमएसओ या विद्रावकात १ मिलीला २० मिग्रॅ. मग बफरने पाचपट पातळ करा, म्हणजे ४ मिग्रॅ आणि डीएमएसओ २० टक्के. पुढची पातळ द्रावणं २० टक्के डीएमएसओ असलेल्या बफरनेच करा, साध्या बफरने नाही. साध्या बफरने केलीत तर मात्रेबरोबर डीएमएसओही कमी होत जातो आणि वक्र कोणाचा, अर्काचा की विद्रावकाचा, हे कळत नाही. पातळ केल्यावर नळीत गढूळपणा आला तर त्या मात्रेला अर्क विरघळलेला नाही. ती मात्रा सोडा.

ऑर्लिस्टॅट: शुद्ध मानक मागवा. मेडिकलमधून कॅप्सूल आणून फोडणारी मुलं मी पाहिली आहेत. तिच्यात औषधाबरोबर इतर भुकट्या असतात आणि त्याही मोजल्या जातात. पाण्यात ते टिकत नाही, डीएमएसओतून ऐन वेळी पातळ करा.

## ५. प्लेट कागदावर आखा

पिपेट हातात घेण्याआधी ९६ चौकोनांचा कागद भरा. प्रत्येक वेलमध्ये एकूण २०० मायक्रोलिटर: बफर १५०, एन्झाइम ३०, अर्क १०, सब्सट्रेट १०. या मापाने अर्काची सर्वांत मोठी मात्रा मिलीला २०० मायक्रोग्रॅम होते आणि डीएमएसओ १ टक्का राहतो. खाली निम्मी-निम्मी करत जा: १००, ५०, २५, १२.५, ६.२५.

चार प्रकारच्या वेल लागतातच:

- क: एन्झाइम + विद्रावक + सब्सट्रेट. पूर्ण वेग.
- ख: एन्झाइमऐवजी बफर + विद्रावक + सब्सट्रेट. आपोआप तुटणारा भाग.
- ग: एन्झाइम + अर्क + सब्सट्रेट.
- घ: एन्झाइमऐवजी बफर + अर्क + सब्सट्रेट. प्रत्येक मात्रेसाठी वेगळी.

घ न करणं ही सगळ्यात मोठी चूक. हळदीचा अर्क ४०५ ला स्वतःच झगझगीत वाचतो. पानांचे हिरवे अर्कही कमी नाहीत. काही अर्क पीएनपीबीला स्वतःच तोडतात. हे सगळं घ मध्ये पकडलं जातं. एकच घ करून ती सगळ्या मात्रांना लावणंही चूक, कारण रंग मात्रेबरोबर बदलतो.

क आणि ऑर्लिस्टॅटच्या वेल प्लेटभर विखरून ठेवा. सगळ्या पहिल्या रांगेत ठेवल्या तर शेवटच्या रांगेपर्यंत एन्झाइम थकलेलं असतं आणि ती घट अर्काच्या नावावर जमा होते. काठावरच्या वेलमधलं पाणी ३७ अंशांना लवकर उडतं. त्यात नुसता बफर भरा.

## ६. चाचणीचा दिवस

आधी एन्झाइमची रंगीत तालीम. एन्झाइम पूर्ण, निम्मं आणि पाव, असं घेऊन अर्काशिवाय चालवा. वेगही पूर्ण, निम्मा, पाव यायला हवा. निम्म्या एन्झाइमलाही तोच वेग येत असेल तर एन्झाइम फार जास्त आहे आणि सब्सट्रेट पहिल्याच मिनिटात संपतोय. अशा प्लेटमध्ये ऑर्लिस्टॅटसुद्धा निकामी दिसेल. पहिली दहा मिनिटं रेघ सरळ राहील अशी मात्रा निवडा.

मग क्रमाने:

१. बफर, मग अर्क, मग एन्झाइम. प्लेट हळू हलवा.

२. झाकण लावून ३७ अंशांना १५ मिनिटं. हे वगळू नका. ऑर्लिस्टॅट लायपेजच्या सक्रिय सेरीनला रासायनिक बंधाने जोडलं जातं. त्याला वेळ लागतो. सब्सट्रेट आधी टाकलात तर तुमचं मानकच कमजोर दिसेल आणि अर्क उगाच थोर.

३. सब्सट्रेट सगळ्यात शेवटी, मल्टिचॅनल पिपेटने, एका दमात. टोकाशी बुडबुडा आला तर सुईने फोडा. बुडबुड्याखालची वेल वाटेल ते वाचते.

४. लगेच रीडरमध्ये. दर मिनिटाला, दहा मिनिटं.

शेवटचा एकच आकडा घेऊ नका. सरळ रेघेचा उतार घ्या, म्हणजे मिनिटाला किती शोषण वाढलं. अर्काचा मूळ रंग सुरुवातीपासून असतो, तो उतारात येत नाही. म्हणून उताराने निम्मी भांडणं मिटतात.

तपासा: ऑर्लिस्टॅटची ५० टक्क्यांची मात्रा तुमच्याच आधीच्या दिवसांच्या जवळपास आली का? नसेल तर अख्खी प्लेट बाद. अर्काचे आकडे कितीही छान असले तरी.

## ७. खोटे अडथळे

आता आकडा आला आहे. यावर विश्वास ठेवण्याआधी त्याला पाडायचा प्रयत्न करा. बहुतेक प्रोजेक्ट या पायरीवर पोचतच नाहीत.

टॅनिन. शिकवायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मी हिरड्याचा अर्क तपासला. पेठकडचा माल, अर्क सुरेख तांबूस, अडथळा ९४ टक्के. कॉलेजच्या चर्चासत्रात तक्ता लावला. वनस्पतिशास्त्राच्या एक ज्येष्ठ मॅडम तक्त्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "प्लेट खालून बघितलीस का रे?" दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरली, तर प्रत्येक वेलच्या तळाशी दुधाच्या सायीसारखा थर. हिरड्याच्या टॅनिनने एन्झाइमला चक्क साकळवून खाली बसवलं होतं. टॅनिन हेच करतं. कातडं कमावतात ते याच गुणावर. ते लायपेजला ओळखत नाही, समोर येईल त्या प्रथिनाला धरतं, आणि पोटात त्याला आधी डाळीचं नाहीतर दुधाचं प्रथिन भेटणार.

म्हणून, १० टक्के मिठाच्या पाण्यात १ टक्का जिलेटिन करा आणि त्यात अर्काचे काही थेंब टाका. पांढरा गाळ आला तर टॅनिन आहे. मग १ मिली अर्काच्या द्रावणात १ मिली पाणी आणि १०० मिग्रॅ पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी भुकटी) घाला, ४ अंशांना १५ मिनिटं ठेवा, ढवळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि वरचं निवळ पुन्हा तपासा. पीव्हीपीपी न लावलेला नमुनाही तितकाच पातळ करून शेजारी ठेवा. परिणाम निघून गेला तर तो पॉलिफेनॉलचा होता, एवढंच म्हणा. पीव्हीपीपी टॅनिनशिवाय इतर पॉलिफेनॉलही ओढतं, तेव्हा "सगळं खोटं होतं" असं लगेच लिहू नका.

आम्लता. आमसूल, आवळा, चिंच. पी-नायट्रोफेनॉल पिवळं दिसतं ते पीएच चढा असेल तेव्हाच. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्यातलं निम्मंच पिवळ्या रूपात असतं तो आकडा, ७.१५ च्या आसपास आहे. आमसुलाच्या अर्काने वेलचा पीएच ७ च्या खाली नेला तर एन्झाइम जोरात काम करत असेल, पण रंग दिसणार नाही. तपासायला सोपं आहे: एन्झाइम आणि सब्सट्रेट न घालता, अर्क असलेल्या आणि नसलेल्या बफरमध्ये शुद्ध पी-नायट्रोफेनॉल ५० मायक्रोमोलार होईल इतकं टाका, आणि अर्काचा स्वतःचा रंग वजा करा. अर्काच्या वेलमध्ये पिवळा रंग कमी पडला तर तुमचा अडथळा रंगाचा आहे. अर्काचा पीएच आधीच जुळवून घ्या.

फेस. अर्क पाण्यात हलवल्यावर रिठ्यासारखा फेस टिकला तर सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारी संयुगं, आहेत. लायपेज तेल आणि पाण्याच्या सीमेवर काम करतं. साबणासारखं काहीही त्या सीमेला धक्का देतं.

गोळे. काही संयुगं एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करतात आणि एन्झाइम त्यांना चिकटतं. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (एक डिटर्जंट) घालून पुन्हा चालवा, क वेलमध्येही तेवढंच ट्रायटन घालून. परिणाम एकदम पडला तर गोळ्यांचा संशय पक्का.

दुसरं एन्झाइम. त्याच मात्रेला अमायलेजवर चालवून बघा. दोन्ही सारखेच अडले तर अर्क लायपेजसाठी खास नाही.

आणखी एक मर्यादा. पीएनपीबी हा छोटा, बराचसा पाण्यात मिसळणारा एस्टर आहे; साधी एस्टरेजही तो तोडतात. खरं तेल वेगळं. चांगला निघालेला अर्क ट्रायब्युटिरिन किंवा ऑलिव्ह तेलावर, सुटणारं आम्ल अल्कलीने मोजून, एकदा तरी तपासा. पीएच-स्टॅट (पीएच स्थिर ठेवत अल्कली आपोआप सोडणारं यंत्र) नसेल तर हाताने टायट्रेशन करा. कंटाळवाणं आहे, तरी करा.

## ८. आकडेमोड

अडथळा टक्क्यांत = [(क − ख) − (ग − घ)] ÷ (क − ख) × १००

समजा उतार असे आले: क ०.०६०, ख ०.००४, ग ०.०३५, घ ०.००७. क − ख = ०.०५६. ग − घ = ०.०२८. अडथळा ५० टक्के. ख आणि घ विसरून नुसतं क आणि ग घेतलं असतं तर ४२ टक्के आले असते. इथे आकडा घटला, दुसऱ्या अर्कात वाढेल. तोंडी अंदाज चालत नाही.

आयसी-५० (५० टक्के अडथळा देणारी मात्रा) काढताना ५० टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना मोजलेल्या मात्रा हव्यात. सर्वांत मोठ्या मात्रेला ३८ टक्केच आले असतील तर रेघ पुढे ओढून आयसी-५० सांगू नका. "२०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त" असं लिहा. ते लिहायला लाज वाटायचं कारण नाही.

एका प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळे दिवस, तीनदा ताजं एन्झाइम, तेव्हा ते तीन. तक्त्यात "संख्या ३" कोणती, हे परीक्षक विचारतातच.

## ९. पेशी: इथून पुढे पैसे लागतात

उंदराच्या ३टी३-एल१ पेशींमध्ये चरबी साठते का, हे ऑइल रेड ओ रंगाने बघतात. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवता येतात. ही लायपेजची चाचणी नाही, वेगळी यंत्रणा आहे. तिथे चाललं म्हणजे इथेही चालेल असं नाही.

घोळ होतात ते असे. वाढवताना पेशी प्लेटभर दाटल्या की त्यांची चरबीपेशी होण्याची ताकद जाते. ७० टक्क्यांच्या आतच वाटून घ्या. प्रयोगाच्या प्लेटमध्ये मात्र पूर्ण दाटून दोन दिवस होऊ द्या, मग आयबीएमएक्स, डेक्सामेथासोन आणि इन्सुलिन यांचं मिश्रण ४८ तास, पुढे फक्त इन्सुलिन. आठव्या ते दहाव्या दिवशी थेंब दिसतात.

आधी विषारीपणा तपासा. मेलेली पेशी चरबी साठवत नाही, आणि तिचा "लठ्ठपणाविरोधी परिणाम" फार देखणा दिसतो. त्यासाठीच्या एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगाला जांभळं करतात) पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीला जांभळं करतात, म्हणून पेशी नसलेली वेलही ठेवा.

रंगाआधी ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलने धुवा आणि रंग त्याच दिवशी गाळून घ्या. न गाळलेल्या रंगाच्या लाल सुया सूक्ष्मदर्शकाखाली चरबीसारख्याच दिसतात. धुताना पाणी भिंतीवरून सोडा. चरबीने भरलेल्या पेशी पटकन सुटतात.

## १०. प्राणी आणि माणसं

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी येण्याआधी एकही उंदीर विकत घेऊ नका. मंजुरी नंतर घेऊ, हा प्रकार चालत नाही.

इथली ठळक चूक एकच आहे: कडू अर्क दिला की उंदीर कमी खातो आणि वजन उतरतं. कारल्याचं श्रेय उपाशीपणाचं असू शकतं. रोजचं खाणं मोजा, पिंजऱ्याखाली सांडलेलं वजा करा, आणि अर्काच्या गटाइतकंच खाणं मोजून दिलेला एक गट ठेवा. तुमचा दावा लायपेजचा असेल तर विष्ठेतली चरबी वाढलेली दिसलीच पाहिजे. ती वाढली नाही आणि वजन मात्र घटलं, तर कारण दुसरं शोधा.

माणसांवरचा अभ्यास नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय आणि पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी केल्याशिवाय सुरू होत नाही. "नैसर्गिक आहे" म्हणून सूट नाही. गार्सिनिया असलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्या आणि ग्रीन टीचे तीव्र अर्क घेतलेल्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि तुमचा अर्क खरोखर ऑर्लिस्टॅटसारखा चालला, तर अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही कमी शोषली जातील. ते मोजायची तयारी आराखड्यातच हवी.

## ११. लिहिताना

शीर्षकात "लठ्ठपणावर उपचार" लिहू नका. "अमुक वनस्पतीच्या अमुक भागाच्या ७० टक्के इथेनॉल अर्काचा स्वादुपिंड लायपेजवर नळीतील परिणाम" एवढं लिहा. लांबलचक आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द तुम्ही केलेला आहे. पीव्हीपीपी लावल्यावरचा आकडा मूळ आकड्याच्या शेजारच्याच रकान्यात द्या, परिशिष्टात लपवू नका. आणि उरलेला अर्क फेकू नका. निदान तोंडी परीक्षा होईपर्यंत एक बाटली उणे २० मध्ये असू द्या, कारण कोणीतरी "पुन्हा करून दाखवा" म्हणणारच.